ढेपेची गाडी दारात आली: खाली करण्याआधी आणि नंतर

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना दूध काढताना किंवा गाडी चालवताना पूर्ण ऐकायला जमलं नाही आणि ज्यांनी "भाऊ, ते आकडे लिहून द्या ना" असं म्हटलं, त्यांच्यासाठी. बोलतानाचे थोडे अडखळे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय साधा वाटेल. गोठ्यावर खाद्याची गाडी येते, ती कशी उतरवून घ्यायची? तुम्ही म्हणाल, यात काय शिकायचं राजेहो, चार माणसं लावा, कट्टे उतरवा, शेठला फोन करून "पोचलं" सांगा, झालं. पण बघा, दुधाच्या धंद्यात जेवढा पैसा जातो त्यातला अर्ध्याहून जास्त फक्त खाद्यावर जातो. गाय घेताना आपण चार गावं फिरतो, दात बघतो, कास बघतो, दोन वेळचं दूध समोर काढून घेतो. आणि वर्षभरात त्या गाईच्या किमतीएवढं खाद्य जिच्यातून येतं, ती गाडी आपण मोबाईलवर बोलता बोलता खाली करून घेतो. गाडी दारात उभी असते तो अर्धा तास आपल्या हातात असतो. माल एकदा कोठीत गेला की मग वजन, ओलावा, बुरशी, सगळं आपलं.

आपल्याकडे गाडीत येतं काय?

नागपूरच्या आजूबाजूला, म्हणजे हिंगणा, काटोल, कळमेश्वर, कामठी, उमरेड, कुठल्याही बाजूला जा, गोठ्यावर साधारण हेच येतं. सरकी ढेप. तुरीची नाही तर चण्याची चुनी. मक्याचा भरडा. कारखान्यातलं तयार पशुखाद्य, म्हणजे पेलेट. आणि वाळला चारा म्हणून सोयाबीनचं, तुरीचं, गव्हाचं कुटार, भंडारा-गोंदियाकडून येणारी धानाची तणस. आता काही जण मुरघासाच्या गाठीही मागवतात. पुण्याकडचे श्रोते असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, तुम्ही जिला सरकी पेंड म्हणता तीच आमची ढेप.

ही यादी आपल्या पिकांवरून ठरलेली आहे. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकी तेल गिरणीत जाते, तेल निघतं, मागे ढेप उरते. विदर्भात ढेपेचा व्यापार इतका मोठा की एनसीडीईएक्स या वायदे बाजारात सरकी ढेपेच्या सौद्यासाठी अकोला हे डिलिव्हरीचं ठिकाण राहिलं आहे. चुनीचंही तसंच. नागपुरात डाळ मिल आहेत, डाळ पॉलिश होताना तुटलेला दाणा आणि टरफल निघतं, ती चुनी.

म्हणून आपली खरेदी हंगामावर चालते. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरात कुटार. जिनिंग सुरू झाल्यावर हिवाळ्यात ताजी ढेप. जानेवारी-फेब्रुवारीत तुरीचं कुटार, मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचं. हंगामात स्वस्त मिळतं तेव्हा सगळे एकदम घेतात, गाड्यांवर गाड्या येतात, आणि घाईत कोणी बघत नाही. खरी गडबड तिथेच होते.

गाडी बोलावण्याआधी: किती लागणार ते मांडा

ढोबळ हिशेब असा. दुभत्या गाईला शरीर चालवायला रोज एक ते दीड किलो खुराक, आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे साधारण ४०० ग्रॅम. म्हशीला लिटरमागे ५०० ग्रॅम धरा, कारण दुधात फॅट जास्त. समजा तुमच्याकडे १० गाई आहेत आणि प्रत्येक १० लिटर देते. दीड अधिक चार, म्हणजे एका गाईला साडेपाच किलो. दहा गाईंना रोज ५५ किलो. महिन्याला १,६५० किलो, म्हणजे ५० किलोचे ३३ कट्टे. कुटाराचं वेगळं. गाईला रोज ५ किलो धरलं तर दहा गाईंना ५० किलो, आणि वर्षाला १८ टनांच्या वर.

आता हा आकडा हातात आला की दोन गोष्टी कळतात. एक, किती माल मागवायचा. दुसरी, तो किती दिवस पडून राहणार. कुटार कोरडं असेल, नीट झाकलं असेल तर वर्षभर टिकतं. पण भरडलेला मका, चुनी, ढेप यांचं तसं नाही. दाणा आख्खा असतो तोवर त्याला कवच असतं. भरडला की हवा, ओल, किडे सगळ्यांना दार उघडं. नागपूरचा उन्हाळा कोरडा, तेव्हा महिना-दीड महिन्याचा साठा चालून जातो. पण जून मध्यानंतर पाऊस लागला की हवाच ओली असते. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपेक्षा जास्त भरडा घरात ठेवू नका, भाव कितीही चांगला मिळो.

आणखी एक, रस्ता बघा. आपली काळी माती. उन्हाळ्यात दगड आणि जुलैत लोणी. दहा टनाची गाडी वावराच्या रस्त्यात फसली की ट्रॅक्टर बोलवा, माल रस्त्यात उतरवा, भिजवा, सगळं होतं. मोठी गाडी जिथपर्यंत पक्क्या रस्त्यानं येते तिथपर्यंतच बोलवा, पुढे ट्रॉलीनं आणा. आणि वर पाहा! विजेच्या तारा. कुटाराची ट्रॉली वर दोन माणसं उंच भरलेली असते, वर कोणीतरी बसलेलं असतं, आणि आपल्या गोठ्याकडं जाणारी तार मधेच लोंबलेली असते. माणूसही जातो आणि कुटारही पेटतं. तार खाली आलेली असेल तर गाडीच्या दिवशी नाही, आधीच वीज कंपनीकडे तक्रार द्या, आणि ट्रॉलीवर माणूस बसवून त्या खालून आणू नका.

सौदा फोनवर, पण पुरावा लिहून

बहुतेक सौदे फोनवर होतात. "शेठ, शंभर कट्टे पाठवा." "पाठवतो." एवढंच. फोन ठेवल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकायची सवय लावा. माल कुठला, भाव काय, कट्टा किती किलोचा, वजन कुठल्या काट्यावर धरायचं, बारदाना वजा आहे की नाही, हमाली कोणाकडे, आणि ओला किंवा बुरशीचा माल निघाला तर परत जाणार का. शेठनं खाली "हो" लिहिलं की झालं. यात भांडण नाही, अविश्वास नाही. उलट चांगल्या व्यापाऱ्याला असं गिऱ्हाईक आवडतं, कारण नंतरची कटकट वाचते.

काटा: कागद नीट वाचा

धर्मकाट्याच्या पावतीवर तीन आकडे असतात. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि दोन्हीतला फरक, म्हणजे निव्वळ माल. समजा भरलेली गाडी ९,२४० किलो, रिकामी ४,१९०. फरक ५,०५०. शंभर कट्टे ५० किलोचे म्हणजे ५,००० हवे होते, मग शेठ म्हणतो ५० किलो जास्तच दिलं. थांबा. कट्टे ज्यूटचे आहेत का? रिकामं ज्यूटचं पोतं अर्धा किलोच्या आसपास भरतं. शंभर पोत्यांचे ५० किलो तिथेच गेले. माल बरोबर ५,००० आहे, जास्त काही नाही. प्लॅस्टिकची गोणी असेल तर ती शे-दीडशे ग्रॅमचीच, तिथे बारदान्याचा फरक कमी पडतो.

पावतीवर गाडी नंबर, तारीख आणि दोन्ही वजनांची वेळ बघा. दोन्ही वजनं एकाच काट्यावर झालेली बरी. भरलेल्या वेळी ड्रायव्हर-क्लीनर आत बसलेले आणि रिकाम्या वेळी खाली उतरलेले, असं झालं तर सव्वाशे-दीडशे किलो "माल" हवेतून तयार होतो. गाडी चढायच्या आधी काट्याच्या पडद्यावर शून्य आहे का, तेही बघा. काट्याची दर वर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी व्हावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र काट्यावर लावलेलं असतं. ते वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

धर्मकाटा लांब आहे? मग घरचा प्लॅटफॉर्म काटा काढा. शंभरातले दहा कट्टे तोला, पण ड्रायव्हर हातात देईल ते नाही. वरचे तीन, मधले चार, खालचे तीन. समजा बारदाना वजा करून दहा कट्टे ४८६ किलो भरले. म्हणजे सरासरी ४८ किलो ६०० ग्रॅम. कट्ट्यामागे १ किलो ४०० ग्रॅम कमी. शंभर कट्ट्यांत १४० किलो. भाव ३५ रुपये धरला तर ४,९०० रुपये. दर महिन्याला गाडी येते, वर्षाचं तुम्हीच मांडा.

ताडपत्री निघाली, आता नाक आणि हात

वजनानंतर, पण एकही कट्टा खाली यायच्या आधी, ताडपत्री उघडायला लावा. चार कोपरे बघा, कारण पाणी कोपऱ्यातून शिरतं. तळाचा थर बघा, कारण गाडीच्या फळीवर आधीच्या फेरीचं काय होतं ते आपल्याला माहीत नसतं. खत असेल, कीटकनाशक असेल, सिमेंट असेल. ड्रायव्हरदादांना सरळ विचारा, "आधी काय वाहिलं होतं?" बहुतेक जण खरं सांगतात.

मग दोन-तीन कट्टे उघडा. कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागतं का? उन्हात उभ्या गाडीचा वरचा थर गरम असणारच, पण कट्ट्याच्या पोटात उष्णता असेल तर आत ओल आहे आणि काहीतरी वाढतंय. मूठभर बाहेर काढा. मोकळं सुटतं की गोळा राहतो? गोळा फोडा, आत हिरवट, राखाडी किंवा काळी जाळी आहे का? वास घ्या, पण बुरशी दिसत असेल तर नाक खुपसून नको, ते बीजाणू फुप्फुसात जातात. ताज्या ढेपेला एक तेलकट, खमंग वास असतो. कुबट वास म्हणजे बुरशी, खवट वास म्हणजे तेल बिघडलेलं.

माती-रेती मिसळलीय असा संशय असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, मूठभर ढेप टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा. रेती तळाशी बसते, बोटांना करकरते. मक्याचा ओलावा बघायचा तर कोरड्या काचेच्या बाटलीत दोन मुठी मका आणि चमचाभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ बाटलीच्या भिंतीला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, साठवायच्या कामाचा नाही. तयार पशुखाद्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस २०५२. त्यात ओलावा जास्तीत जास्त ११ टक्के सांगितला आहे. गोणीवर आयएसआय चिन्ह, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख आहे का ते बघा आणि फोटो काढून ठेवा.

आता नमुना. दहा कट्ट्यांतून थोडा थोडा माल काढा, बाजारात असते तशी परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी असेल तर उत्तम. सगळा एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा. त्यातून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या. वर तारीख, गाडी नंबर, व्यापाऱ्याचं नाव. एक पिशवी गरज पडली तर तपासणीला, एक आपल्या घरी कोरड्या जागी, तो माल संपेपर्यंत. चार आठवड्यांनी दूध कमी झालं किंवा गाई खाईनाशा झाल्या, तर बोलायला हातात काहीतरी पाहिजे. आपल्या नागपुरात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे पशुपोषणाचा विभाग आहे. कुठली तपासणी होते, शुल्क किती, नमुना किती लागतो, हे एकदा आधीच विचारून ठेवा.

एवढी काळजी कशाला? टर्कीची गोष्ट

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मरायला लागले. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त. रोग सापडेना, म्हणून नावच पडलं "टर्की एक्स". शोधता शोधता माग खाद्यापर्यंत गेला. ब्राझीलहून जहाजानं आलेली भुईमुगाची ढेप. तिच्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी होती, आणि त्या बुरशीनं तयार केलेलं विष होतं. ॲस्परजिलसचा "ॲ", फ्लेव्हसचा "फ्ला", पुढे टॉक्सिन. अफ्लाटॉक्सिन हे नाव तिथून आलं. म्हणजे जगाला हे विष कळलं ते एका खाद्याच्या डिलिव्हरीमुळे. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका माणसांनीच खाल्ला, आणि त्यात १०६ जण गेले.

गाईचं काय होतं? गाय लगेच मरत नाही. थोडं कमी खाते, दूध थोडं घटतं, आपण म्हणतो उन्हामुळे असेल. पण खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ चा एक ते दोन टक्के भाग, जास्त दूध देणाऱ्या गाईत त्याहूनही जास्त, एम-१ या रूपात दुधात उतरतो. एक-दोन दिवसांतच दिसायला लागतो. आणि दूध उकळून तो जात नाही.

हिशेब मांडू. पशुखाद्यात बी-१ ची मर्यादा आहे किलोमागे २० मायक्रोग्रॅम. आपल्या गाईनं साडेपाच किलो खाल्लं, म्हणजे ११० मायक्रोग्रॅम. त्याचे दोन टक्के, २.२. ते पसरले १० लिटर दुधात. लिटरमागे ०.२२. अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआयची दुधासाठीची मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. आपण आत आहोत. आता समजा ढेप भिजकी आली आणि तिच्यात १०० मायक्रोग्रॅम निघालं. पाचपट. दुधात १.१. मर्यादेच्या दुप्पट. गाय तीच, दूध तसंच पांढरं, चव तीच, डेअरीतल्या फॅट-एसएनएफच्या मशीनवर काही दिसणार नाही. एफएसएसएआयनं २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले होते. त्यातल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पाणी किंवा पावडर मिसळल्यामुळे नाही. हे विष चाऱ्या-खाद्यातून आलं होतं.

आणि ते दूध कोण पितं? पहिला कप आपल्याच घरातलं लेकरू.

म्हणून "वरची बुरशी काढून टाका, उन्हात वाळवा, खालचं चालतं" हा सल्ला मानू नका. ऊन बुरशीची वाढ थांबवतं, आधी तयार झालेलं विष उन्हानं जाईल या भरवशावर राहता येत नाही. चांगली बातमी इतकीच, की खराब खाद्य बंद केलं की काही दिवसांत दुधातलं प्रमाण खाली येतं.

"परत न्या" कसं म्हणायचं?

हा भाग कठीण आहे, आणि तो विज्ञानाचा नाही. माल खराब दिसतोय, पण शेठकडे आपली मागची उधारी आहे. बाबा म्हणतात, "जाऊ दे, पंधरा वर्षांचे संबंध आहेत." उधारीवर माल घेणाऱ्याचा आवाज बारीक असतो, हे खरं आहे. मी त्यावर सोपा उपाय सांगणार नाही. पण काही गोष्टी चालतात.

ड्रायव्हरशी भांडू नका. माल त्याचा नाही, तो पोचवणारा माणूस आहे. त्याला पाणी द्या, सावलीत बसवा, आणि त्याच्यासमोर व्हिडिओ काढून शेठला पाठवा. शब्द साधे ठेवा, "शेठ, बारा कट्टे ओले आहेत, आत गरम आहे, बघा." बहुतेक वेळा सगळी गाडी परत करावी लागत नाही. ८८ उतरवा, १२ गाडीतच ठेवा. चलानावर लिहा, "१२ कट्टे ओले, परत", खाली तुमची आणि ड्रायव्हरची सही, फोटो. पैसे ८८ चेच.

दुसरं, तीन-चार गोठ्यांनी मिळून एक गाडी मागवा. दूध संकलन केंद्रावर रोज भेटताच की. एकट्याचा "नाही" आणि चौघांचा "नाही" यात फरक आहे. भाडं वाटून जातं, आणि निदान एक हिस्सा रोख देता आला तर शेठही ऐकतो.

उतरवताना: पाठ, धूळ आणि थप्पी

उतरवणारे काका वयानं मोठे असतात, त्यांच्या पाठीची किंमत करा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये मोठ्या पुरुषानं हातानं उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली होती. आपल्याकडे हमालांच्या संघटनांनी शंभर किलोच्या पोत्यांविरुद्ध लढा दिला, तेव्हा ५० किलोचे कट्टे आले. तेव्हा सौद्यातच ५० किलोच्या वरचा कट्टा नको म्हणा. गाडीची फळी मजबूत, पायवाट कोरडी, लहान मुलं लांब. कुटार उतरवताना तोंडाला ओला रुमाल नाही तर मास्क. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते.

कोठीत जमिनीवर थेट कट्टा ठेवायचा नाही. फरशी कोरडी दिसते, पण रात्री ओल ओढते. खाली लाकडी पाट किंवा विटांवर फळ्या, वीतभर उंच. भिंतीपासून दीड-दोन फूट लांब, म्हणजे हवा फिरते, उंदीर दिसतो आणि माणूस मागे जाऊ शकतो. थप्पी आठ-दहा कट्ट्यांच्या वर नको, आणि आडवे-उभे गुंफून लावा, नाही तर थप्पी अंगावर येते. खडूनं तारीख लिहा. जुना माल पुढे, नवा मागे, आधी जुना संपवायचा.

आणि एक गोष्ट कडक पाळा. खाद्याच्या खोलीत युरिया, बियाणं, फवारणीचं औषध काहीच नाही. कपाशीच्या घरात हे सगळं असतंच. अंधारात घाईत युरियाचा कट्टा मीठ समजून टाकला गेला, तर गाय तासाभरात फुगून, थरथरून मरू शकते. वेगळी खोली, वेगळं माप, वेगळं टोपलं.

कुटाराचा ढीग घरापासून, चुलीपासून, मीटरपासून लांब. ओलं कुटार दाबून भरलं तर आतून तापतं, आणि कधी कधी स्वतःहून पेटतं. पहिले दोन-तीन आठवडे मधूनमधून आत हात घालून बघा. पण आधी काठी आपटा, ढिगात साप असतो. ट्रॉलीतून कुटार ओतताना एक लोहचुंबक दोरीला बांधून फिरवा. मळणी यंत्रातून आलेली तार, खिळा गाय निवडून बाजूला काढत नाही, गिळते. ते पोटाच्या जाळीतून पुढे टोचत जातं, आणि पुढे हृदय अगदी जवळ असतं.

मुरघासाची गाठ आली तर प्लॅस्टिकला भोक आहे का बघा, असेल तर लगेच टेप लावा, आणि ती गाठ आधी वापरा. हवा आत गेली की मुरघास तापतो, बुरशी येते.

नवा माल, जुनं पोट

गाडी छान उतरली, माल चांगला, आता दुसऱ्या दिवशीपासून सगळं नवं द्यायचं? नाही. गाईच्या पोटातले जिवाणू जुन्या खाद्याला सरावलेले असतात. सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला, थोडं नवं, थोडं जुनं. सरकी ढेपेत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या जनावराचं पोट ते बऱ्यापैकी निष्प्रभ करतं, लहान वासराचं नाही. म्हणून वासरांना ढेप नको. कोंबड्यांनाही नको.

आणि कोठीला कडी लावा. रात्री गाय सुटून भरड्याच्या कट्ट्यावर तुटून पडली, तर सकाळपर्यंत पोटात आम्ल वाढून ती आडवी होते. असं झालं तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा नंबर मोबाईलमध्ये आजच सेव्ह करा.

स्क्रीनशॉटसाठी

१. किती लागणार, किती दिवस टिकणार, हे आधी मांडा.
२. सौदा व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत.
३. काटा पावती: नंबर, वेळ, बारदाना.
४. ताडपत्री, कोपरे, तळ.
५. हात, वास, पाणी, मीठ.
६. दोन नमुना पिशव्या, तारखेसह.
७. खराब कट्टे चलानावर लिहून परत.
८. फळीवर, भिंतीपासून लांब, युरियापासून वेगळं.

पुढच्या भागात मुरघास घरीच करायचा, खड्ड्यात की बॅगेत, यावर बोलू. तोवर एक काम करा. तुमच्याकडची शेवटची काटा पावती काढा, त्यावरचे तीन आकडे वाचा आणि कट्ट्यांच्या संख्येनं भागून बघा. काय निघतं ते कमेंटमध्ये लिहा. व्यापाऱ्याचं नाव लिहू नका, फक्त आकडा लिहा. भेटू मग!